रिव्हर्सचा टेम्पो आन् गंगूचं म्हायेर

किस्से म्हंजी भितीवरच्या गवऱ्या. एक थापली की शेजारी दुसरीला जागा दिसतीच. आमच्या जत्रंतल्या नाटकाच्या तर दोन भिती भरल्या!

गाव आमचं वेल्ह्याजवळ. शंकर टेम्पोवाल्यानं डोकं चालवलं: टेम्पो रिव्हर्सला टाकला, की मानूस जुन्या काळात. लिवलेलं कायबी न्हाई, तोंडाला येईल ते बोलायचं. तीन साल तीन भाग केलं. शंकर ड्रायवर, भोरचे रशीदभाई टेलर जुन्या काळातली समदी मानसं, म्या भोचक शेजारीन.

*

पयल्या भागात शंकर आपल्या आज्याला भेटतो. आजा म्हंजी रशीदभाई, आन् ते लगीनच करंनात. शंकरनं पाय धरलं, "आजा, तुमी बोहल्यावर न्हाई चढला तर म्या जन्मनार कसा?"

रशीदभाईंनी त्याला वरनं खालपतुर न्याहाळला. "असला नातू व्हनार आसंल, तर म्या सडाच बरा."

*

दुसऱ्या साली टेम्पो खराच मागं गेला. कनात फाडून सरपंचांच्या खुर्चीला टेकला. सरपंच दचकलं, पन गडी हुशार. उठून इचारलं, "कुठल्या साली आलो रं?"

शंकर खिडकीतनं म्हनला, "तुमी निवडून यायच्या आदल्या. कामं करत व्हता तवा."

*

त्याच भागात रशीदभाईंना भाकर खायाची व्हती. म्या आत गपचिप लवंगी मिरचीचा ठेचा भरला. पयल्या घासालाच डोळ्यातनं धारा. लोकांना वाटलं, काय अॅक्टिंग हाय! पुढं बसलेल्या बायाबी पदरानं डोळं पुसाय लागल्या.

पडद्यामागं येऊन म्हनले, "वैनी, पुढल्या साली मला मारून टाका. पन जेवाय घालू नका."

*

माजी धाकटी जाव गंगू. तिचं म्हायेर धरनाखाली गेलं. आई पुनर्वसनाच्या पत्र्यात वारली, शेवटपतुर दारातल्या चिंचंला पानी घाला म्हनत व्हती. गंगूला तवा पोचता आलं न्हाई. उन्हाळ्यात पानी उतरलं की ही काठावर जाऊन बसायची. देवळाचा कळस दिसायचा, घर न्हाई.

तिसऱ्या साली तालमीला आली आन् शंकरला म्हनली, "माज्या म्हायेराला नेतोस का?"

"काकू, रस्ता कुठं ऱ्हायलाय?"

"मग उलटा ने की."

झालं, तिसरा भाग ठरला.

*

पन पेच पडला. नाटकातली आई जुन्या काळातली, म्हंजी विशीतली, आन् लेक म्हंजी गंगूच, पन्नाशीची. पाया कुनी कुनाच्या पडायचं? पारावर दोन तट पडलं. रशीदभाई म्हनले, "आई म्या. वयानं ल्हान, तवा म्याच पडतो. पन लुगड्यात वाकलो तर उठवायला दोघं ठेवा."

समदी हसली.

*

जत्रंत टेम्पो मागं आला. गंगू उतरली. दाढी पदरात झाकून रशीदभाई उंबऱ्यात हुबं. त्यांनी तिच्या पायावर पानी घातलं, भाकरतुकडा ववाळून टाकला. आता वाकायचं तर त्यांनी. पन गंगूच आधी वाकली, आन् पाय सोडंना.

लोक हसत व्हते.

शंकरनं हॉर्न दिला. "काकू, पानी चढाय लागलं. चला."

गंगूनं मान वर केली. "आन् आईला हितंच ठिवू?"

हे काय ठरलं नव्हतं. हसू बंद झालं. शंकर माज्याकडं बघतोय, म्या रशीदभाईंकडं.

रशीदभाईंनी लुगडं वर खोचलं, टेम्पोच्या हौद्यात चढले आन् गंगूला हात दिला.