नर्सबाईंचं मोजणीचं गाणं

नर्सबाईंना मोजायची सवय होती. बोलता बोलता समोरच्याचं मनगट त्यांच्या हातात कधी गेलं ते कळायचं नाही. तुम्ही आपलं शेळी हरवल्याचं सांगताय, आणि बाई तोंडानं "अरेरे" म्हणत मनात ठोके मोजतायत. गोष्ट संपली की म्हणायच्या, "शेळी सापडेल. तुम्ही मीठ कमी करा." शेळीचं माहीत नाही, पण मिठाचं बहुतेक वेळा खरं निघायचं.

त्या मूळच्या नगरकडच्या, ख्रिस्ती. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर इथं सास्तूरला बदलून आल्या, तेव्हा म्हणे वर्षभरात परत जाणार होत्या. नवरा लवकर गेला. एकुलता एक मुलगा शमू, म्हणजे शमुवेल, इथल्याच शाळेत शिकला आणि नोकरीसाठी पुण्याला गेला. बाई निवृत्त झाल्या तरी हलल्या नाहीत. त्यांच्या आणि आमच्या घराची भिंत एकच होती. मी लग्न होऊन या घरात आले ती नर्सबाईंची शेजारीण म्हणूनच. माझी दोन्ही बाळंतपणं त्यांनी केली, आणि मला अंगणवाडीची नोकरी लागली तेव्हा रजिस्टर कसं लिहायचं तेही त्यांनीच शिकवलं.

डिसेंबर लागला की बाईंच्या दारावर नाताळचा कागदी तारा चढायचा आणि गाण्याच्या तालमी सुरू व्हायच्या. त्यांच्या वडिलांच्या घरातलं, जात्यावरच्या ओव्यांच्या चालीचं मोजणीचं गाणं होतं ते. एकापासून बारापर्यंत जायचं, आणि दर वेळी उतरत पुन्हा एकावर यायचं. एक म्हणजे गव्हाणीतलं बाळ. दोन बैल म्हणजे जुना करार आणि नवा करार, एका जुवाखाली. तीन दगडांची चूल म्हणजे विश्वास, आशा आणि प्रीती. "एक दगड काढा, तवा कलंडतो," बाई सांगायच्या. बाजेचे चार खूर म्हणजे चार शुभवर्तमानं. हे सगळं आम्हाला इतकं आपल्या घरातलं वाटायचं, की यात परकं काही आहे हे पहिली काही वर्षं माझ्या लक्षातच आलं नाही.

गाण्याला बारा माणसं लागायची. एकानं एकच आकडा म्हणायचा आणि एकदा मिळालेला आकडा जन्मभर आपला, असा त्यांच्या घरचा नेम. पण गावात ख्रिस्ती घर एकच, मग बारा गळे आणायचे कुठून? बाईंनी ते आमच्या आळीतून गोळा केले. मला चार मिळाला, माझ्या नवऱ्याला दोन. तो मोटारसायकलवाला गडी, बैलाच्या वाटेला कधी गेला नाही, पण ओळ ठणकावून म्हणायचा. ज्याचा जो आकडा त्यानं ती वस्तू आणून ओसरीवर मांडायची. मुलं आमच्याच मेंढरांच्या लोकरीची इवली मेंढरं वळून मांडायची. करंज्या बाईंच्या, सारण माझं. खोबरं बारीक किसलं नाही म्हणून दर वर्षी बोलणी खायची, तीही माझीच.

शमूचा आकडा नऊ. नऊ बोरांची डहाळी. देवाच्या आत्म्याची नऊ फळं असतात म्हणे, प्रीती, आनंद, शांती अशी, आणि सगळ्यात शेवटचं फळ संयम. ते शेवटचं फळ मायलेकरांपैकी कुणाच्याच वाट्याला आलं नव्हतं. शमूनं पुण्यात एका हिंदू मुलीशी कोर्टात लग्न केलं आणि आईला फोनवर कळवलं. बाई त्याला बोलू नये ते बोलल्या. भिंतीपलीकडून मला सगळं ऐकू आलं. तो काय म्हणाला हे दुसऱ्या दिवशी त्यांनीच मला सांगितलं. गावभर हिंदूंच्या पंगतीला बसता, मग माझ्याच बायकोला ताट का नाही, असं त्यानं विचारलं होतं. उत्तर नसलं की माणूस करतो तेच त्यांनी केलं. माझ्या दारात पाय ठेवू नको म्हणाल्या. मुलगा त्यांचाच. त्यानं तो शब्द पाळला.

त्या डिसेंबरात गाणं आठवरून एकदम दहावर गेलं. अंगणातली बोर लगडलेली होती, पण ओसरीवर डहाळी नव्हती. सगळ्यांच्या लक्षात आलं. नऊ आकडा बाईंनी दुसऱ्या कुणाला दिला नाही, एवढं मात्र मी पाहून ठेवलं. असं तीन वर्षं चाललं. मला त्यांचा राग यायचा. पण ज्या हातांनी माझी पोरं जगात आणली, त्या हातांच्या बाईला शहाणपण शिकवायची माझी प्राज्ञा नव्हती.

मग एका वर्षी माझे सासरे पहिल्यांदाच गाण्याला बसले. मी त्यांना मामा म्हणते, गाव तात्या म्हणतं. आमचं घर मेंढरं राखणाऱ्यांचं. जन्मभर मामा हिवाळ्यात कळप घेऊन बाहेर असायचे. आता गुडघ्यांनी दगा दिला म्हणून घरी होते, आणि माकणीच्या धरणाकडं मेंढरं चारायला जायचं तेही बंद झालं होतं. अकरा म्हणणारं माणूस त्या वर्षी वारलं होतं, म्हणून बाईंनी त्यांना तो आकडा दिला, अकरा मेंढरं वाडग्यात, म्हणजे रात्रीच्या कुंपणात, आल्याचा. प्रभूचे शिष्य बारा, पण एक फितूर झाला म्हणून अकरा, हे नीट समजावूनही सांगितलं. मामांनी मान डोलावली आणि त्यांची पाळी आली तेव्हा खड्या आवाजात म्हणाले, "बारा मेंढरं वाडग्यात आली!"

पोरं हसली. बाईंनी थांबवून सांगितलं, "अकरा, तात्या." मामांनी पुन्हा बाराच म्हटलं. तिसऱ्यांदाही तेच. म्हाताऱ्याला ऐकू येत नाही असं वाटून बाईंनी आवाज चढवला, तेव्हा मामा शांतपणे म्हणाले, "बाई, मला ऐकू येतंय. पर एक मेंढरू मागं ऱ्हायलं म्हणून आमी आकडा कमी करत न्हाय. ते येस्तवर वाडग्याचं तोंड उघडं ठिवतो."

मामांच्या मनात काही नव्हतं, ते खरोखर मेंढरांबद्दलच बोलत होते. पण ओसरीवर सगळ्यांच्या नजरा नवाच्या रिकाम्या जागेकडं गेल्या. बाईंनी स्वतःचंच मनगट धरलं होतं. मग म्हणाल्या, "तुम्ही बाराच म्हणा." आणि गाणं पहिल्यापासून घेतलं.

या वेळी आठ झाल्यावर त्या थांबल्या. पंधराएक ठोके जातील इतका वेळ त्या मनगटावर बोट ठेवून बसल्या, मग मान हलवली आणि दहा सुरू झालं. गाणं उतरत यायचं तेव्हाही तिथं थांबायचं. तेव्हापासून दर वर्षी असंच. गाण्याच्या दिवशी सकाळी त्या स्वतः बोरीची डहाळी तोडून नवाच्या जागी ठेवायच्या. मी एकदा धीर करून म्हटलं, "बाई, एक फोन लावा की." त्या म्हणाल्या, "दार उघडं ठेवलंय मंगल. हाक मारायला तोंड राहिलं नाही." मी तेव्हा ऐकून घेतलं. खरं तर मीच फोन लावायला हवा होता. नंबर माझ्याकडं होता. हे मला आजही बोचतं.

बाई उन्हाळ्यात गेल्या, झोपेतच. शमू मातीला आला, एकटाच, आणि संध्याकाळी परतला. रडला नाही. सगळ्यांना हात जोडले, माझ्याशी दोन वाक्यं बोलला.

डिसेंबरात घर आवरायला आला तेव्हा बायको आणि पाच वर्षांची मुलगी बरोबर होती. तारा आमच्या दारावर लागलेला होता. गाणं आता आमच्या ओसरीवर होतं. करंज्याही आमच्याच, खोबरं मात्र बारीक किसलेलं. मी तिघांना बसायला सांगितलं. त्याच्या मुलीनं तोवर अंगणातली बोर गाठून फ्रॉकच्या ओच्यात बोरं भरली होती, आणि डहाळीही तिच्याच हातात होती. ती मी नवाच्या जागी ठेवली.

गाणं सुरू झालं. शमू भिंतीला टेकून ऐकत होता, ओठ मिटलेले. आठ झाले आणि सवयीनं आम्ही सगळे थांबलो. माझ्या मुलानं मनगटावर बोट ठेवलं. त्याला वाटायचं, ते गाण्यातच आहे.

"इथं सगळे गप्प का झाले?" शमूनं विचारलं.

मी म्हटलं, "हा तुझा आकडा. बाई इथं तुझ्यासाठी थांबायच्या. दर वर्षी."

त्याच्या बायकोनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. आतल्या बाजेवरून मामा म्हणाले, "मोजा परत, पहिल्यापासनं."

आम्ही पहिल्यापासून घेतलं. गव्हाण झाली, बैल झाले, चूल झाली. बाजेचे खूर मी म्हटले. आठ झाले. शमूनं मान खाली घातली होती आणि डोळे पुसतच तो नववी ओळ म्हणाला. ओळ त्याला पाठ होती.