मामांची सिर्निकी आणि माझे तीन चमचे

अख्ख्या ऑस्ट्रेलियात पाण्याशी इतकं वैर धरलेला माणूस माझ्या मामेसासऱ्यांशिवाय दुसरा नसेल. पाणी म्हणजे चीजमधलं पाणी. मामा मूळचे वसईचे. तरुणपणी रशियात इंजिनिअरिंग शिकले, मग जन्मभर वॉलॉंगॉंगला स्टीलवर्क्समध्ये घाम गाळला. पण रशियातून डिग्रीपेक्षाही जपून आणली ती सिर्निकी, म्हणजे ताज्या चीजच्या, बटरमध्ये तळलेल्या जाड टिक्क्या. इथल्या सुपरमार्केटमधल्या चीजला ते 'सूप' म्हणतात. त्यामुळे शनिवारी घरीच दूध नासवायचं, फडक्यात बांधायचं आणि मागच्या अंगणात कपड्यांच्या दोरीवर टांगायचं, मोजे आणि बनियन यांच्या मधोमध. शेजारचा गोरा एकदा कुंपणावरून म्हणाला, "मेट, तुझं काहीतरी गळतंय." मामा म्हणाले, "नो वरीज, गळायलाच हवं." तरीही उरलेल्या पाण्यासाठी रात्री खाली उतरवून वर पोलादाचा ठोकळा, रिटायर होताना दोस्तांनी भेट दिलेला.

रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून आले की कोटाची बटणं सोडायच्या आत तवा तापलेला असतो. पीठ फक्त हाताला लावण्यापुरतं. मामा म्हणायचे, "जास्त घालतो तो भित्रा." टिक्की एकदाच उलटायची. मी एकदा पुन्हा उलटली, तर म्हणाले, "जावईबापू, चक्कर येईल तिला." आणि एवढं करून ती तव्यात फुटायचीच. मामी ताटलीतला चुरा चमच्याने गोळा करत म्हणायच्या, "छान झालाय हं उपमा."

आता कबुली देतो. एका रविवारी मामा गॅरेजमधल्या फ्रिजमधून सॉवर क्रीम आणायला गेले होते. मिश्रण अगदीच सैल दिसत होतं. मला दया आली. मामींच्या फडताळातला रवा तीन चमचे घातला, ढवळला, बोटं पँटला पुसली. त्या दिवशी एकही फुटली नाही. मामींनी एक खाल्ली, दुसरी खाल्ली, तिसरी घेतली आणि मामांना म्हणाल्या, "आज जमली हं तुला." उभ्या संसारातली पहिली शाबासकी! मामा ताटली घेऊन गोऱ्याकडेही जाऊन आले.

पुढच्या वर्षी मामी गेल्या. तेव्हापासून मामा दर रविवारी तीच सिर्निकी शोधत होते. "त्या दिवशी मी वेगळं काय केलं होतं रे?" असं मलाच विचारायचे, आणि मी क्रीमचा आणखी एक चमचा वाढून घ्यायचो.

गेल्या रविवारी मात्र चुऱ्याकडे बघून म्हणाले, "हात गेला माझा. बंद करतो आता." मग मला राहवेना. सगळं सांगून टाकलं. मामांची नजर पोलादाच्या ठोकळ्याकडे गेली. तो त्यांच्या हातापासून किती लांब आहे, ते मी पाहून घेतलं.

"म्हणजे ती शाबासकी तुझी?"

"रव्याची, मामा."

"भित्रा," ते म्हणाले. मग उठून रव्याची बरणी माझ्यापुढे ठेवली, झारा माझ्या हातात दिला आणि स्वतः मामींच्या खुर्चीत जाऊन बसले. मी रवा घालून तळलेली पहिली सिर्निकी त्यांनी डोळे मिटून खाल्ली.

"जमली का?" मी विचारलं.

"थांब जरा," मामा ताटली पुढे करत म्हणाले. "तिने तिसरी घेतल्यावर सांगितलं होतं."