मनगटावरचा गोरा पट्टा

माहेरच्या फाट्यावर आम्ही एस.टी.ची वाट बघत होतो. लग्नानंतर हे लगेच नोकरीवर गेलेले, दोन महिन्यांनी मला न्यायला आलेले, आणि मी ह्यांच्याबरोबर जुन्नरकडचं गाव सोडून नेरूळला निघालेली. एक पत्र्याची पेटी, दोन पिशव्या, आईने रडत रडत बांधून दिलेला चटणीचा डबा. अण्णा, म्हणजे माझे वडील, सारखे म्हणत होते, "बसा अजून. गाडी कुठं येतीय एवढ्यात." मधेच ह्यांना विचारलं, "जावईबापू, वाजले किती?"

ह्यांनी रुबाबात शर्टाची बाही मागं सारली. मनगट मोकळं! मग सूर्याकडं बघून सांगितलं, "साडेआठ."

आता मला बघायला आले तेव्हा ह्यांच्या हातात चकचकीत घड्याळ होतं हो! मी चहाचा ट्रे धरून मान खाली घातलेली, त्यामुळं नवऱ्याच्या तोंडाआधी मला घड्याळच दिसलं. आमच्याकडं तेव्हा घड्याळवाला नवरा म्हणजे नोकरीवाला नवरा. "माणूस मनगटावरून कळतो," हे अण्णांचं ठरलेलं वाक्य. मी मनात म्हटलं, कळला.

गाडीत बसल्यावर विचारलं, घड्याळ कुठंय? हे खिडकीबाहेर बघत म्हणाले, "ओतूरला गेलंय."

"ओतूरला? कशाला?"

"मुलगी बघायला."

तर ते घड्याळ ह्यांच्या आळीतल्या पोस्टमनकाकांचं. आळीतला कुणीही पोरगा मुलगी बघायला निघाला आणि मागायला आला की काका हातातलं काढून त्याच्या हाताला बांधणार. लग्न ठरलं की घड्याळ परत, पुढच्याचा नंबर! अख्खा माळशेज घाट मी ह्यांच्याशी बोलले नाही. चटणीसुद्धा दिली नाही.

नेरूळला तेव्हा इमारती कमी आणि चिखल फार. हे कारखान्याच्या भोंग्यावर उठायचे. करावेगावची कोळीण मासळी घेऊन यायची, तिला घाई कसली विचारलं तर म्हणायची, "घड्याल कशाला गो, पानी सांगतं ना. भरती लागली, मी चालली." मला मात्र पाणीही सांगेना आणि भोंगाही. आपल्याला फसवलं, एवढंच कानात वाजत होतं. ह्यांना ते कळत असावं. चार महिने पोटाला चिमटा घेऊन ह्यांनी घड्याळ घेतलं, आणि उन्हातान्हात, रविवारीसुद्धा, हातातून काढलं नाही.

दिवाळसणाला माहेरी गेलो. पहाटेच्या आंघोळीला ह्यांनी घड्याळ काढून ठेवलं, तर काळ्या मनगटावर हा गोरा पट्टा! पाण्याची बादली घेऊन आलेले अण्णा ओरडले, "बसला, पट्टा बसला!"

मी चाट. "अण्णा, म्हणजे तुम्हाला तेव्हाच कळलं होतं?"

"पोरी, रोज घड्याळ घालणाऱ्याला असा पट्टा असतो. फाट्यावर बघितलं तर ह्यांचा हात कोपरापर्यंत एकाच रंगाचा. आणि त्याआधी बघायला आले तेव्हाच ओळखलं, थोरल्या जावयाच्या वेळी तेच घड्याळ आलं होतं की! पट्ट्याला लाल दोऱ्याचा टाका."

थोरली ताई त्याच आळीत दिलेली. सख्खी बहीण, पण चकार शब्द बोलली नव्हती.

"मग होकार कसा दिलात?"

"नोकरीची चौकशी मी केली होती. आणि घड्याळ मागायला माणूस दुसऱ्याच्या दारात उभा राहिला, तो कुणासाठी?"

मग मी ह्यांना चटणी वाढली.

आता घड्याळाला विचारतं कोण? वेळ मोबाईलमध्ये असते. तरी मी बँकेत घालून जाते. घातलं की काउंटरवरची मुलं 'मॅडम' म्हणतात, विसरलं की 'मावशी, लाईनीत'.

गेल्या रविवारी नात सायली एका मुलाला घेऊन आली. रोहन नाव. तिचं मला आधीच सांगून झालेलं, "आजी, तू हो म्हणालीस तरच मी पप्पांशी बोलणार." मला टेन्शन! मुलगा पाया पडला आणि माझी नजर गेली मनगटावर. मोकळं. मी अण्णांसारखाच खडा टाकला, "किती वाजले रे?"

त्याचा हात खिशाकडं गेला आणि परत आला. मी सरळ त्याचा हात धरून उलटा केला. गोरा पट्टा!

"घड्याळ कुठंय?"

"खिशात आहे, आजी," तो कावराबावरा. "ते सारखं वाजतं. सायली म्हणाली, तुम्हाला वाटेल मला जायची घाई आहे."

सोफ्यावर बसलेले आमचे हे इतके हसले की कवळी सावरावी लागली. म्हणाले, "मी मागून घालून गेलो, हा असलेलं काढून आला. अगं, आता अजून काय बघतेस?"

मी सायलीला म्हटलं, "बोल पप्पांशी." तिनं मला मिठी मारली, आणि तेवढ्यात रोहनच्या खिशात घूं घूं झालं. कुणाचा फोन? तर नाही, ते घड्याळच त्याला सांगत होतं की फार वेळ बसलास, आता ऊठ.

"त्याला म्हणावं, आजी नाही म्हणते," मी बोलून गेले. "बस अजून."

आणि माझ्याच तोंडून मला अण्णा ऐकू आले. अण्णा आता नाहीत. गावाकडच्या बायांनो, तुम्ही फोनवर विचारता ना, तुझं घर नक्की कुठलं गं, इथलं की तिथलं? आणि माझ्यासारख्या गाव सोडून आलेल्यांनो, तुम्हालाही असंच कुणी विचारत असेल. मी आता सांगते, घड्याळ ऊठ म्हणत असताना जिथं कुणीतरी बस म्हणतं, ते. आधी ते फाट्यावर होतं. आता नेरूळला, दुसऱ्या मजल्यावर आहे.

रोहन बसला. मी चहा परत टाकला.