बेलफास्टचा बर्फ आणि ग्रिशाचा नवा खुबा

आपल्या आयर्लंडच्या रिपब्लिकमध्ये वर्षभर चालणारी आइस रिंक नाही. त्यामुळे डब्लिनजवळच्या लिक्सलिपहून बर्फ गाठायचा तर थेट बेलफास्ट. जायचं ठरवलं माझ्या शेजाऱ्याने, ग्रिशाने. रशियातल्या उरल भागातला हा निवृत्त आइस हॉकी गोलकीपर. गेल्या वर्षी त्याचा खुबा बदलला. आता बेलफास्टच्या एका ज्युनिअर क्लबला गोलकीपिंगचा कोच हवा होता आणि शनिवारी बर्फावर उतरून दाखवायचं होतं.

"डॉक्टर काय म्हणाले?" माझ्या बायकोने, माधुरीने, थालिपिठांचा डबा देताना विचारलं.

"स्केटिंग चालेल. पडायचं नाही," ग्रिशा म्हणाला.

गोलकीपरला हे सांगणं म्हणजे कोळ्याला भिजू नको म्हणणं! हा खेळ मी कुठल्याही क्लासला न जाता, नियमावली वाचून शिकलोय, म्हणून अधिकाराने सांगतो.

जाणाऱ्यांसाठी: डब्लिनभोवतीच्या एम-५० महामार्गाचा टोल नाक्यावर घेत नाहीत, दुसऱ्या दिवशी रात्री आठच्या आत ऑनलाइन भरा. बेलफास्ट यूकेमध्ये येतं, त्यामुळे भारतीय पासपोर्ट असेल तर यूकेचा व्हिसा हवाच, सीमेवर कुणी विचारो न विचारो. ग्रिशाकडे आणि माझ्याकडे आता आयरिश पासपोर्ट आहेत.

वाटेत ड्रोहेडाला थांबलो. थालीपीठ, कॉफी आणि ग्रिशाची कारकीर्द. वडील कारखान्यातून आले की अंगणात पाणी सोडायचे, सकाळी तिथे बर्फ. ग्रिशा सगळ्यांत हळू, म्हणून त्याला गोलमध्ये उभा केला. पुढे व्यावसायिक झाला, तीन शहरांकडून खेळला, पण बहुतेक काळ दुसऱ्या क्रमांकाचा गोलकीपर.

"म्हणजे बेंचवर बसायचास," मी म्हणालो.

"बसतो कोण? बेंचपुढच्या कठड्याला बर्फावर जायचं दार असतं, ते उघडायचो. खेळाडू सारखे बदलतात. दार उघडायला उशीर झाला की शिव्या!"

हे नियमावलीत नव्हतं. जरा लागलंच मला.

"मग खेळलास कधी?"

"पहिल्याचा गुडघा गेला तेव्हा. अख्खा सीझन. मस्त खेळलो." एवढं बोलून त्याने उरलेलं थालीपीठही संपवलं. डंडॉकनंतर सीमा ओलांडली आणि पाट्यांवर किलोमीटरचे मैल झाले.

रिंकवर मुलांचा सराव चालू होता. ग्रिशा पॅड बांधून बेंचपाशी गेला आणि सवयीने मुलांसाठी दार उघडत, लावत राहिला. त्याचं नाव पुकारलं तरी तिथेच. शेवटी ओर्ला, त्यांची मुख्य कोच, आली. तिने त्याचा हात कडीवरून काढला आणि स्वतः दार उघडलं. "चल रे, दादा. आता तुझी पाळी."

तो गेला. गोलच्या दोन्ही खांबांना स्टिकने टकटक केलं. पहिलीच पक, म्हणजे खेळाची रबरी चकती, आली आणि हा धाडकन दोन्ही गुडघ्यांवर! पक अडवली. पण उठेना. नव्या खुब्याच्या पायावर जोर देववेना. मी दाराकडे धावलो, तर ओर्ला आडवी आली. "थांबा हो. युअर मॅन इज ग्रँड." म्हणजे आयरिश भाषेत, गडी ठीक आहे.

ग्रिशाने खांब धरला, दुसरा पाय रोवला आणि म्हातारी म्हैस उठावी तसा हळूहळू उभा राहिला. मग स्टिक बर्फावर आपटून ओरडला, "अजून एक!"

बेलफास्टमध्ये बघण्यासारखं पुष्कळ आहे म्हणतात. आम्ही काहीच बघितलं नाही. माझ्या डोळ्यांपुढे अजून ते कठड्याचं बुटकं दार आहे, आणि पहिल्यांदाच कुणीतरी ते त्याच्यासाठी उघडणं.

घरी पोचलो तेव्हा माधुरी दारातच उभी. "अहो, पडले नाहीत ना?"

"पडला."

"अगं बाई! मग?"

"मग काय, दर शनिवारी पडायला बोलावलंय."