वावरात रोवलेली दुर्बीण

विज्ञानाचा प्रकाश खेड्यापाड्यांत पोचवणं हे प्रत्येक सुशिक्षित माणसाचं कर्तव्य आहे. मी ते सासुरवाडीपासून सुरू केलं, कारण तिथे जावयाला मध्येच थांबवायची पद्धत नाही.

सासुरवाडी राजुऱ्याजवळची. दिवाळीला जाताना मी दुर्बीण नेली आणि गावातल्या पोरांना आईबापांसकट शनीची कडी दाखवणार, असं जाहीर केलं. सासूबाईंना हा बेत पसंत नव्हता.

"तो आपल्याले पाह्यते तेवढं पुरे नाई काय, जवाईबापू? आपून काऊन त्याले पाहाचं?"



अंगणात झाडं फार, म्हणून उजेड असतानाच सासऱ्यांच्या वावरात तिवई रोवली, वर नळी चढवली आणि एक डोळा मिटून लांबच्या मोहाच्या झाडावर नेम धरला. चुकलं ते इथेच. हा मुलूख कोळशाच्या खाणींचा. वावरात तिवई रोवून एक डोळा मिटणारा माणूस कशाची मोजणी करायला येतो, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं!

पोरांच्या आधी शेजारचे नामदेवभाऊ आले.

"काऊन हो श्यामराव, वावर खाणीले देल्लं? गावाले पत्ताच नाई!"

"कोन सांगतलं?" सासरे उसळले. "जवाई तारे दाखवून राह्यले!"

"दिवसाउजेडी?"

सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. खाणीला जमीन द्यायची तर सगळ्या गावानं, नाहीतर कुणीच नाही, असं ठरलं होतं. आणि प्रत्येकाला शपथ घालणारे सासरेच होते! बघता बघता अर्धा गाव जमला. बाकीचा अर्धा चपला शोधत होता.

"फिरवाच ना माह्या वावराकडंबी," मागून कुणीतरी ओरडलं. "पोराले खाणीत नोकरी तं लागन!"

"अंधार पडू द्या," मी शांतपणे म्हणालो. "नामदेवभाऊ स्वतःच्या डोळ्यांनी पाहतील. विज्ञानाला पुरावा लागतो."

अंधार पडला. शनी सापडला. कडी अगदी स्पष्ट! नामदेवभाऊंना लगेच डोळा लावू दिला असता, तर सासऱ्यांची अब्रू तिथल्या तिथे वाचली असती. पण आधी चार शब्द बोलणं मला आवश्यक वाटलं. सूर्यमालेच्या जन्मापासून सुरुवात केली. कुणी थांबवलं नाही. पृथ्वी मात्र माझ्या सासुरवाडीची नसल्यामुळे फिरत राहिली, आणि शनी दुर्बिणीच्या टप्प्यातून मुकाट्याने निघून गेला.

नामदेवभाऊंनी डोळा लावला. बराच वेळ पाहिलं.

"काळंच काळं हाय," ते म्हणाले. "कोळसाच हाय, श्यामराव!"

एकच गलका झाला! तेव्हा सासऱ्यांनी जन्मात पहिल्यांदा रीत मोडली.

"जवाईबापू, आता बोलू नका! फक्त दाखवा!"

मी निमूटपणे शनी पुन्हा शोधला. नामदेवभाऊ वाकले आणि वाकलेलेच राहिले.

"आरे! याले तं टोपल्यावानी काठ हाय! तिथी खाण नाई न लागत?"

"नाई," सासरे म्हणाले.

"मंग बरं हाय," म्हणत त्यांनी सासऱ्यांपुढे तंबाखूची डबी धरली. पोरं रांगेत उभी राहिली, त्यांच्यामागे आईबाप. सर्वांत शेवटी सासूबाई, आधी हात जोडून.

पुढच्या आठवड्यात गावात रस्त्याच्या मोजणीला खरा माणूस आला. त्याने तिवई रोवताच पोरांनी रांग लावली. बिचाऱ्याने यंत्रातून टेकडीवरचं देऊळ दाखवलं. पोरांच्या मते त्याचीच दुर्बीण चांगली. देऊळ शनीपेक्षा मोठं दिसतं, आणि तो माणूस काही बोलत नाही.