अक्काला साधा बोर्ड चालणार नाही!

चांगला आवाज बोर्डापासून सुरू होतो, हे मी आमच्या घरात वर्षभर सांगत होतो आणि वर्षभर कुणीही ऐकलं नाही.

बोर्ड म्हणजे ॲम्प्लिफायरच्या पोटातली ती पाटी, जिच्यावर सगळे सुटे भाग सोल्डर करून बसवतात. (भिंतीवरचा स्विचबोर्ड नव्हे! हे मला सख्ख्या बायकोलाही चारदा सांगावं लागलं.) दिवसा मी टॉवेलच्या कारखान्यात इलेक्ट्रिशियन, पण जीव सगळा ऑडिओत. त्या वर्षी कारणही तसंच होतं. माझी आत्या, म्हणजे आमची अक्का, वारली. तरुणपणीच विधवा होऊन ती आबांकडे, म्हणजे माझ्या वडिलांकडे राहायला आली आणि मला तिनंच वाढवलं. तिच्या ओव्यांची एकुलती एक कॅसेट माझ्याकडं होती, पंधरा-वीस वर्षांपूर्वी मीच भरलेली. भंगार टेपवर फीत खराब होईल म्हणून मी ती कुणाला वाजवू दिली नव्हती. स्वतःही वाजवली नव्हती.

"वर्षश्राद्धाला समदी येत्याल," आबा म्हणाले. "एकदा तिचा आवाज ऐकव रं. मग माजं काय बी मागणं न्हाय."

"ऐकवतो की! पण साध्या बोर्डावर अक्का वाजणार नाही!" मी गरजलो. इथंच माती खाल्ली.

दुकानदारानं नेहमीचा तपकिरी बोर्ड पुढं टाकला.

"हा कागदाचा आहे," मी फणकारलो. "राळेत बुडवलेला कागद! ओल धरतो. ओल धरली की आवाज खरखरतो."

"ओल?" त्यानं बाहेरच्या उन्हाकडं बोट केलं. "साहेब, सोलापुरात ओल कुटं घावली तुमाला? नळाला पाणी चार दिसाआड येतंय. आमाला बी दावा की!"

दुकानातली गिऱ्हाइकं खदखदून हसली. माझं डोकं तापलं. (मे महिना होता, ते आधीच तापलेलं होतं.) मी तावातावानं काचेच्या धाग्याचा बोर्ड मागितला. काचेचे बारीक धागे विणायचे, त्यात राळ मुरवायची आणि वर तांब्याचा पातळ पत्रा चिकटवायचा, असा तो असतो.

"धागे विणायचे" हे शब्द मी घरी आबांसमोर उच्चारले. नको होते उच्चारायला.

आबांची चाळीस वर्षं मागावर गेलेली. त्यांनी चष्मा लावला, बोर्डाची मागची बाजू उजेडात धरली आणि तिच्यावरून नख फिरवलं.

"उभा धागा बरा हाय. आडवा ढिला. आमच्या खात्यात असलं पास झालं नसतं. परत कर."

"आबा, याची चादर करायची नाही!"

"अक्काचा आवाज ह्याच्यावर बसणार न्हवं? मग ढिलं चालायचं न्हाय."

परत केला. दुसरा आणला, त्यात गाठ निघाली. तिसऱ्याची वीण तिरकी! चौथ्या वेळी दुकानदारानं हात जोडले. "साहेब, आता आबास्नीच घिऊन या." मी दात-ओठ खात आबांना मोटरसायकलवर बसवून नेलं. तिथं ते खुर्ची टाकून बसले आणि अख्खा गठ्ठा एकेक करून उजेडात धरू लागले. भोवती गर्दी जमली. शेवटी एक बोर्ड पास झाला. चीड याची, की तो खरोखरच सगळ्यांत चांगला होता! पण तोवर श्राद्ध तीन आठवड्यांवर आलं होतं.

ते तीन आठवडे मी तांब्यावर काळ्या मार्करनं सर्किटच्या रेघा ओढल्या. रेघेखालचं तांबं राहतं, बाकीचं द्रावणात विरघळतं, म्हणून एकेक रेघ श्वास रोखून. श्राद्धाच्या आदल्या दिवशी सकाळी बोर्ड ओट्याजवळ ठेवला आणि द्रावणाची पूड आणायला गेलो.

परत आलो तर बोर्ड लखलखत होता. एकही रेघ नाही! शेजारी ताम्हण, पळी, पंचपात्र ओळीनं पालथी घातलेली. आईचे हात चिंचेनं माखलेले.

"आई! काय केलंस हे?"

"तांब्याचं हाय न्हवं? लई काळं पडलं हुतं, निगता निगंना. श्राद्धाला असलं काळं तांबं चालतंय व्हय?"

मी थयथयाट केला. मार्कर भिंतीवर भिरकावला, तो उसळून चिंचेच्या पाण्यात पडला. बायको, सुनीता, मोडनिंबची. तिचा आवाज कधीच चढत नाही, त्यामुळं माझा जास्त चढतो.

"अहो, पत्रावळ्या आणायच्या राहिल्यात," ती म्हणाली. "वरडून झालं की जावा."

दुसऱ्या दिवशी माढ्याचे, नातेपुत्याचे पाहुणे आले. जेवणं उरकली. आबा सरसावून बसले. "लाव रं."

"नाही लागणार! या घरात शुद्ध आवाजाची कुणाला किंमतच नाही!" मी सगळ्यांदेखत तडकलो.

सुनीता शेजारून एक जुना टेपरेकॉर्डर घेऊन आली. मी "फीत! फीत!" म्हणेपर्यंत तिनं कॅसेट घालून बटण दाबलंसुद्धा. खर्रर्र झालं आणि आवाज आला.

माझा!

"अक्का, थांब. माइक लई जवळ आहे... हां, म्हण. थांब थांब! पंखा बंद करतो... आता म्हण. नको, कपबशी वाजतीय."

"आरं, म्हनू का नगं?" ही अक्का.

"थांब गं!"

"कवाधरनं तोंड उघडून बसलीया म्या. माशी जाईल की आत!"

पाहुणे हसायला लागले. नातेपुत्याची काकू हसता हसता पदरात तोंड घालून रडली. "आशीच बोलायची बगा अक्का!" टेपवर माझं चालूच होतं. माइक उजवीकडं, माइक डावीकडं, माइकखाली उशी. अर्ध्या तासानं मी म्हणालो, "झालं, आता एकदम परफेक्ट. म्हण." अक्कानं घसा खाकरला आणि खट्! बाजू संपली. सुनीतानं कॅसेट उलटी करून लावली. ती बाजू कोरी होती.

वर्षभर मी दुकानदारावर, आबांवर, आईवर, चिंचेवर चिडलो होतो. आता चिडायला एकच माणूस उरला होता, आणि तो माझ्याच जागी बसला होता.

आबांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले.

"आवाज लई साफ आलाय की रं," ते म्हणाले. "पर समदा तुजाच हाय."