चाळणीच्या घरचा व्हिडिओ

ऑफिसात तिला सगळे ‘चाळणी’ म्हणायचे, कारण काम तसंच होतं. लोकांनी समाजमाध्यमावर टाकलेले जे फोटो आणि व्हिडिओ दुसऱ्या कुणाला खटकत, त्यांच्या तक्रारी तिच्या पडद्यावर येत. ठेवायचं की काढायचं, एवढंच ठरवायचं, एकेकाला मिनिटभर. सहा वर्षांत तिनं नको नको ते पाहिलं आणि पोटात ठेवलं. आत जाताना मोबाइल कपाटात, बाहेर पडताना तोंडाला कुलूप. “आज काय पाहिलंस?” असं नवऱ्यानं विचारलं, की ती म्हणायची, “गॅस बंद केलास का?”

एका मंगळवारी दुपारी, जेवणाची सुस्ती अजून उतरली नव्हती, तेव्हा एक व्हिडिओ उघडला. रस्त्याच्या मधोमध एक म्हातारा उभा होता, अंगात पायजमा आणि बनियन, दोन्ही हातांत पातेल्याचं झाकण. झाकण गरागरा वळवत तो ओरडत होता, “पुढे सरका, पुढे सरका! दार मोकळं करा!” मोबाइल धरणाऱ्याचं खदाखदा हसणं ऐकू येत होतं. खाली लिहिलं होतं, ‘म्हातारा एक्स्प्रेस’.

ते तिचे सासरे होते. चौतीस वर्षं त्यांनी बस चालवली होती. गेल्या दोन वर्षांत आठवणी एकेक करून उतरून चालल्या होत्या.

ओळखीचं माणूस दिसलं तर स्वतः निर्णय घ्यायचा नाही, असा नियम होता. तिनं सुपरवायझर मॅडमना बोलावलं.

मॅडमनी व्हिडिओ दोनदा पाहिला. “मारहाण नाही, शिवीगाळ नाही, अंगावर कपडे आहेत. राहणार.”

“अहो, आजारी आहेत ते. आपलं शूटिंग चाललंय हेही त्यांना कळत नाहीये.”

“ते व्हिडिओत कुठं दिसतं? घरच्यांनी डॉक्टरांच्या कागदासह अर्ज करावा.” मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, “आणि इथं पाहिलेलं बाहेर न्यायचं नाही. नोकरीवर येईल.”

‘नियमांचं उल्लंघन आढळलं नाही’ हे वाक्य तिनं स्वतः हजारो लोकांना पाठवलं होतं. ते वाचणाऱ्याला कसं लागत असेल, याचा विचार करायला मिनिट कधी पुरलं नव्हतं.

व्हिडिओत मागे इस्त्रीच्या दुकानाचं हिरवं शटर दिसत होतं. तिच्याच गल्लीतलं, आणि हसण्याचा आवाजही त्या इस्त्रीवाल्याचाच होता. सुटल्यावर ती घरी न जाता सरळ तिथं गेली.

“दादा, बाबांचा व्हिडिओ काढून टाका.”

इस्त्रीवाल्यानं इस्त्री उभी केली. “तुम्हाला कुणी सांगितलं?”

थाप मारता आली असती. “मी पाहिला,” ती म्हणाली.

“गंमत हो वहिनी! लोक किती हसले!”

“बाबा हसले का?”

तो समोरच्या शर्टाची कॉलर सारखी करू लागला. मग चाचरत म्हणाला, “नंतर मीच त्यांना हाताला धरून घरी सोडलं. तुमच्या सासूबाई म्हणाल्या, सुनेला सांगू नका, उगाच जिवाला घोर लावून घेईल.”

तिच्यासमोरच त्यानं व्हिडिओ पुसला. पण तोवर दोघांनी तो उचलून आपापल्या नावावर टाकला होता. ते दोघे कोण, कुठले, त्यालाही ठाऊक नव्हतं.

घरी आल्यावर तिनं सासूबाईंना विचारलं, “आई, मला का नाही सांगितलं?”

“तुझ्या पोटात एवढं राहतं, माझ्या पोटात एक राहिलं तर काय बिघडलं?” सासूबाई म्हणाल्या आणि पदरानं डोळे टिपू लागल्या. दुपारी त्यांना डुलकी लागली तेवढ्यात सासरे घराबाहेर निसटले होते. चाळणी त्यांच्याशेजारी बसली आणि आपलं काम नेमकं काय असतं, ते तिनं घरात पहिल्यांदा सांगितलं.

दुसऱ्या दिवशी तिनं मॅडमना आपणहून सगळं सांगून टाकलं. लेखी ताकीद मिळाली आणि महिनाभरासाठी तिला लोकांचे अर्ज वाचायच्या टेबलावर बसवलं. तिथं मिनिटाचं घड्याळ लावलेलं नव्हतं. महिना संपल्यावर परत बोलावलं, तेव्हा ती म्हणाली, “मी इथंच बरी आहे.”

नवऱ्यानं केलेल्या अर्जाला एकोणीस दिवस लागले. एक व्हिडिओ निघाला, दुसरा अजून आहे. सासूबाई आता दुपारी झोपत नाहीत. सासऱ्यांना घेऊन त्या कोपऱ्यावरच्या बसथांब्यावर जाऊन बसतात. बस उशिरा आली, की सासरे ड्रायव्हरला रागावतात आणि ड्रायव्हर “चुकलं साहेब” म्हणून गाडी पुढे काढतो.